आवडलं नाही, बदलून द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार, शाळा इंग्रजी माध्यमाची. धाकटा अडीच वर्षांचा. घरात हौसेनं आणलेली वीस-पंचवीस पुस्तकं आहेत, पण मुलगी ती उघडत नाही. वाचायला बसवलं की दोन ओळींत कंटाळते आणि मोबाइल मागते. गावात वाचनालय आहे, पण 'लहान मुलांचं म्हणजे एक कपाट, तेही कुलूपबंद'. आईबाबा दोघंही नोकरी करतात, दिवसा घरी सासूबाई असतात. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून वाचनालयाचा आणि घरच्यांचा काय उपयोग करून घेता येईल?

तुमच्या पत्रातल्या 'बसवलं' या शब्दावर मी अडले. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक ग्रंथालयात मी २७ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची १९ वर्षं बालविभाग माझ्याकडे होता. वाचायला 'बसवलेलं' मूल पुढं आपल्या पायांनी वाचनालयाचा जिना चढून आल्याचं मला फारसं आठवत नाही. अक्षरं शाळा शिकवते, ती आज ना उद्या येतात. पुस्तक हातात घ्यावंसं वाटणं हा वेगळा मामला आहे. तो घरात आणि वाचनालयात जमतो, आणि बराचसा अक्षरं येण्याच्या आधीच जमून गेलेला असतो.

आता त्या वीस-पंचवीस पुस्तकांकडे येऊ. ती निवडली कुणी? बहुधा तुम्हीच, प्रदर्शनातून, 'चांगली' म्हणून. दीडशे-दोनशे रुपये मोजलेले असतात, त्यामुळे मुलीनं एखादं बाजूला सारलं की जीव चुटपुटतो. मग आपण म्हणतो, "अगं, एवढं आणलंय, वाच ना." झालं, पुस्तकाची ताटातली कारल्याची भाजी झाली. वाचनालयात पुस्तकं स्वस्तात मिळतात हे सगळेच सांगतात. लहान मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याहून मोठी सोय ही, की न आवडलेलं पुस्तक तिथं परत करता येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. चार पुस्तकं नेली, तीन नकोशी झाली, एक रात्री उशाशी घेऊन झोपली, तर तो आठवडा चांगला गेला असं मी धरते.

एक सहा वर्षांचा मुलगा होता. दर शनिवारी आईबरोबर यायचा आणि देवघेवीच्या टेबलावर पुस्तक आपटून म्हणायचा, "आवडलं नाही, बदलून द्या." आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अरे, उघडलंस तरी का?" ती तिथंच त्याला रागवायची. दोन-तीन शनिवार मीही तोंडदेखलं हसून बदलून दिलं. एकदा सहज विचारलं, "कुठल्या पानावर कंटाळा आला रे?" त्यानं बरोबर पान काढून दाखवलं. गोष्टीतल्या रस्त्याचं काम चाललेलं होतं आणि चित्रात नुसती माणसं कुदळी घेऊन उभी होती. "यात जेसीबी नाही," तो म्हणाला. खरंच नव्हता! त्याच्या घरासमोर तेव्हा गटारीचं काम चालू होतं, दिवसभर जेसीबी बघत बसायचा तो. माझ्याकडे जेसीबीची गोष्ट नव्हती. शोधता शोधता वाहनांचा एक जुना चित्रकोश सापडला, त्यात एका पानावर पिवळं धूड होतं. ते पुस्तक त्यानं लागोपाठ सात वेळा नेलं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्टीवर सात शिक्के एकाखाली एक, मध्ये दुसऱ्या कुणाची तारीख नाही. आठव्या खेपेला त्यानं दुसरं पुस्तक मागितलं, बैलगाडीचं. का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेसाठी आम्ही ती घोकली होती. मला ती समजली त्या सात शिक्क्यांवरून.

म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिलं काम एवढंच, की निवड तिच्याकडे द्या. नकोसं झालेलं पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा द्या, आणि तेच ते पुस्तक दहाव्यांदा आणायचीही द्या. "हे तर झालंय तुझं वाचून" हे वाक्य घरातून काढूनच टाका. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा मागतं तेव्हा पुढं काय होणार हे त्याला माहीत असतं, आणि गंमत नेमकी त्या माहीत असण्यात असते. शब्दही तिथंच पक्के होतात. सुरुवातीला ते चित्रंच बघतं, पुढं पुढं पानावरच्या काळ्या रेघांकडेही त्याचं लक्ष जायला लागतं.

आता वाचनालयातल्या कुलूपबंद कपाटाविषयी. आपल्याकडे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली वाचनालयं खेडोपाडी आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. बहुतेक ठिकाणी माणूसबळ अपुरं, पगार सांगायची लाज वाटावी असे. त्यामुळे 'मुलं पुस्तकं फाडतात' या भीतीनं कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली टेबलाच्या खणात जाते. ग्रंथपालावर रागवू नका. मुलीच्या नावानं सभासदत्व घ्या, तुमच्या कार्डावर तिची पुस्तकं नेऊ नका. वर्गणी आणि अनामत फार नसते. स्वतःचं नाव घातलेलं कार्ड हातात पडलं की पाच वर्षांच्या मुलाची मान कशी ताठ होते हे एकदा बघाच. मग वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी नसेल अशा वेळी जा आणि ग्रंथपालांना विनंती करा, "कपाटातली पंधराएक पुस्तकं टेबलावर पसरून द्याल का? मी समोर बसते, जाताना नीट लावून देते." असं विचारणाऱ्या पालकाला मी तरी कधी नाही म्हटलं नाही.

पसरून का, तर आपल्या वाचनालयांत पुस्तकं टिकावीत म्हणून बांधणी करून घेतात. खाकी किंवा काळपट पुठ्ठा, कण्यावर दाखल अंक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक. कादंबरीला ते चालतं. चित्रांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठच त्या पुठ्ठ्याखाली गेलं, तर न वाचता येणाऱ्या मुलानं ते ओळखायचं कशावरून? कपाटात कणे दिसतात, मुलाला सगळं एकसारखं मातकट दिसतं. आम्ही शेवटी खिडकीच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमटे लावून पुस्तकं टांगली, मुखपृष्ठ समोर. खर्च दोरीचा आणि दोन डझन चिमट्यांचा. त्या महिन्यात बालविभागाची देवघेव इतकी वाढली की शिपाईमामा कुरकुरायला लागले. घरीही हे करून बघा. कपाटात उभी रचलेली पंचवीस पुस्तकं बाहेर काढा, पाच-सहा दोरीला लावा, बाकीची डोळ्यांआड ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला. उंची मुलीच्या हाताची हवी.

उंचीवरून आठवलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या वाचनालयात छातीएवढं पाणी होतं. मुलांचा हात पोचावा म्हणून बालविभागाची पुस्तकं सर्वांत खालच्या फळ्यांवर होती, त्यामुळे सगळ्यांत आधी तीच गेली. पाणी उतरल्यावर चिखलाचे लगदे घमेल्यांनी बाहेर काढले. पुढं कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव आला, की यापुढं बालविभाग वरच्या फळ्यांवर ठेवावा. मी भांडले. वर ठेवलेली पुस्तकं पुरात वाचतील, पण मुलांनी ती वाचायची कशी? तडजोड अशी झाली, की पावसाळ्याचे तीन महिने पुस्तकं पत्र्याच्या पेट्यांत आणि पेट्या जिन्यावर. बाकीचं वर्षभर खाली.

कपाटात असलेलं सगळं जुनाट, बारीक टायपातलं असेल, तर सूचनावहीत मागणी लिहा. नुसतं 'मुलांची पुस्तकं हवीत' असं नको, प्रकाशकाचं आणि पुस्तकाचं नाव लिहा. चार-पाच पालकांनी एकाच महिन्यात लिहिलं की ग्रंथनिवड करणाऱ्यांना ते टाळता येत नाही. दरवर्षी शासनाचं अनुदान येतं, त्यातून ग्रंथखरेदी होते. शिवाय कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून बालविभागाला मदत मिळू शकते. तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. अहवाल मंजूर करायला आणि चहा घ्यायला पंधरा माणसं येतात, तिथं एका आईनं उभं राहून बालविभागाविषयी विचारलं तर ते इतिवृत्तात जातं.

कुठली पुस्तकं आणावीत याची यादी मी मुद्दाम देत नाही, कारण मग तुम्ही ती यादी घेऊन दुकानात जाल आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येऊ. बघायचं काय तेवढं सांगते. पुस्तक उघडून मजकुरावर हात ठेवा. नुसत्या चित्रांवरून अर्धी तरी गोष्ट कळली पाहिजे. एका पानावर एक ते तीन ओळी पुरेत. अक्षर ठसठशीत हवं आणि मराठी वळणाचं. हिंदीतल्या वळणाचा ल आणि श वापरून छापलेली मराठी पुस्तकं बाजारात अजून ढिगानं आहेत. राज्य शासनानं मराठी वळणाची अक्षरं ठरवून देणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला, तरी फुकटात मिळणारा फॉन्ट बरेच जण तसाच वापरतात. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण नुकतं अक्षर जुळवणारं मूल शाळेतला ल एक आणि पुस्तकातला दुसरा बघून गडबडतं. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांच्या मराठी पुस्तकांपासून सुरुवात करायला हरकत नाही. गोष्टीच्या शेवटी चौकटीत 'तात्पर्य' छापलेलं असेल तर ते पान मी वाचतच नाही.

आता घरातलं. रोज रात्री पंधरा मिनिटं, ठरलेल्या जागी. मुलीला एका बाजूला घ्या, धाकट्याला मांडीवर. पुस्तक तिघांना दिसेल असं धरा. आधी मुखपृष्ठ बघू द्या, घाई नको. वाचताना अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा, सारखं नको, नाहीतर गोष्टीपेक्षा बोटच मोठं होतं. पुन्हा पुन्हा येणारं वाक्य असेल तिथं थांबा. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत हे आयतंच आहे. काऊ दार ठोठावतो, चिऊताई म्हणते, "थांब, माझ्या बाळाला..." इथं तुम्ही गप्प बसायचं. अडीच वर्षांचा पोरगा "तीट लावते!" असं ओरडला नाही तर मला सांगा. मुलीसाठी थांबायची जागा वेगळी. पान उलटण्याच्या क्षणी थांबा आणि एकच प्रश्न विचारा, "आता गं?" तिनं काहीही सांगितलं तरी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नका, पान उलटा.

गोष्ट संपल्यावर प्रश्नोत्तरं नकोत. "काय शिकलीस?" तर मुळीच नको. मी स्वतः ही चूक सरकारी शिक्क्यानिशी केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत उन्हाळ्याच्या सुटीत स्पर्धा ठेवली होती. जास्तीत जास्त पुस्तकं वाचून वहीत सारांश लिहील त्याला कंपासपेटी. दोन आठवड्यांत कपाटातली सगळ्यांत बारकी पुस्तकं गायब, जाडजूड तशीच. एक मुलगी रोज तीन पुस्तकं न्यायची आणि तीन सारांश आणायची. पहिल्या पानावरची दोन वाक्यं आणि शेवटच्या पानावरचं एक. बक्षीस तिलाच मिळालं. जून उजाडल्यावर ती परत कधी आली नाही. पुढच्या वर्षी सारांशाच्या वह्या मी रद्दीत घातल्या आणि स्पर्धेच्या जागी गच्चीवर सतरंजी टाकून नुसतं मोठ्यानं वाचन सुरू केलं. पहिल्या दिवशी चार मुलं आली, त्यातली दोन माझ्या जावेची.

सासूबाई घरी असतात हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात मोठी जमेची बाजू तीच. त्यांना वाचता येतं की नाही याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे एक आजी यायच्या, अंगठा उठवणाऱ्या. नातवाला घेऊन यायच्या, चित्रांचं पुस्तक काढायच्या आणि चित्रांवरून बेधडक स्वतःची गोष्ट सांगायच्या. लेखकानं काय लिहिलंय याच्याशी काही देणंघेणं नाही. कोल्ह्याचा लांडगा व्हायचा, राजाला तीन बायका मिळायच्या, एकीला बारमाही सर्दी. नातू पहिलीत गेला. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी कार्ड लावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, इथं कोल्हा लिहिलंय. को-ल्हा. लांडगा नाही." आजींनी चष्मा पुसला, पुस्तक त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "मग तूच सांग बाबा, माझी झाली सांगून." पुढं वर्षभर तो वाचायचा आणि त्या मध्येच भांडायच्या, की राजाला तीन बायका पाहिजेतच. असा भांडणारा श्रोता मिळणं फार भाग्याचं.

सासूबाई बोलतात ती बोली पुस्तकातल्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर बिचकू नका. गोष्ट आधी त्यांच्या बोलीत होऊ दे, मग पुस्तकातली ओळ जशीच्या तशी वाचा. 'इथं असं लिहिलंय' एवढंच म्हणा. मुलांना दोन्ही पेलतं.

बाबांनीही वाचावं, आठवड्यातून दोनदा तरी. वाचन हे बायकांचं आणि शाळेचं काम, असं मुलगे फार लहानपणी ठरवून टाकतात. मी पाहिलंय, चौथी-पाचवीत गळणाऱ्यांत मुलगे जास्त असतात. मीच ठेवलेल्या रजिस्टरावरून सांगतेय.

पुस्तकाबाहेरचं वाचन घरात पायलीला पन्नास आहे. किराण्याची यादी मुलीला लिहू द्या. सुरुवातीला तुम्ही सांगायचं आणि तिनं रवा, डाळ, गूळ, मीठ लिहायचं. चुकलेलं दुरुस्त करू नका, दुकानदाराला कळलं म्हणजे झालं. डब्यांवर तिच्याच अक्षरात चिठ्ठ्या चिकटवा. आमच्या घरी 'मिट' असं लिहिलेला डबा चौदा वर्षं होता, मुलगी इंजिनिअर झाली तरी. एसटी स्टँडवर गाडी लागली की पाटी तिला वाचू द्या. पहिल्यांदा नुसतं पहिलं अक्षर ओळखू दे. आपल्या नावातलं अक्षर मुलांना दहा हातांवरून दिसतं. तिच्या मामानं किंवा आत्यानं तिच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं तर फारच छान. पोस्टमन आपलं नाव मोठ्यानं वाचतो तेव्हा मूल जे पळत सुटतं त्याला तोड नाही. किराणा आणि पोस्टकार्ड हे दोन खेळ कुठल्याही महागड्या 'किट'पेक्षा सरस आहेत, आणि ती किटं विकायला येणाऱ्यांशी माझे नेहमी खटके उडत.

कानाचे खेळही घ्या, वहीपेन नसलेले. "कमळातला क पळाला, उरलं काय?" "मळ!" यावर मुलं पोट धरून हसतात. नगरातला न पळाला, वसंतातला व पळाला. प्रवासात गावांच्या नावांच्या भेंड्या. शब्द म्हणजे सुट्या आवाजांची माळ असते हे कानाला उमगलं की डोळ्यांचं काम निम्मं हलकं होतं.

लिपीच्या बाबतीत एवढं ध्यानात असू द्या. देवनागरी सरळ आहे असं आपण म्हणतो, पण तिच्यात मुलांसाठी पेरलेले खड्डे आहेत. पहिली वेलांटी घ्या. 'किटली' लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मग क, बोलताना मात्र क आधी. मूल तिथं अडखळलं तर ते आळशी नाही, ते डावीकडून उजवीकडे इमानानं चाललंय. र तर बहुरूपी: सूर्यात डोक्यावर, चक्रात पायाशी, राष्ट्रात ट च्या खाली टोपी उलटी घालून, आणि दुसऱ्यामध्ये आणखी वेगळा. जोडाक्षर आलं की तुम्हीच तो शब्द सहज म्हणून टाका आणि पुढं चला. "अक्षरं लाव, लाव ना" म्हणत पाच सेकंदांच्या वर ताणलं की गोष्ट मेली. एका पानावर चार-पाच ठिकाणी अडत असेल तर ते पुस्तक तिनं स्वतः वाचायचं नाही, तुम्ही तिला वाचून दाखवायचं. पुस्तक तेच, फक्त वाचणारा बदलायचा.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून घरी मराठी पुस्तकं वाचली तर गोंधळ होईल का, असं बरेच पालक विचारतात. ज्या भाषेत घरात हसता, रागावता, त्या भाषेत गोष्ट ऐकलेल्या मुलाला गोष्ट म्हणजे काय हे ठाऊक असतं. ओळ कुठून कुठं जाते, पान केव्हा उलटायचं, पुढं काय होणार याचा अंदाज कसा बांधायचा, हे सगळं तो इंग्रजी पुस्तकात बरोबर घेऊन जातो. उलट इंग्रजी गोष्ट ओळीओळीला थांबून मराठीत समजावत बसलात तर दोन्हीकडची मजा जाते. इंग्रजी इंग्रजीत वाचा, चित्रं समजावतील. देवनागरी अक्षरं शाळेत उशिरा येणार असतील तर घरी रोज एक शब्द पुरे, तोही तिच्या आवडीचा.

मोबाइल हिसकावून घेऊन पुस्तक हातात देऊ नका. ती अदलाबदल मुलं पुस्तकाच्या खात्यावर मांडतात. मोबाइलचाच उपयोग करा. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं, तिथं मराठी गोष्टी पातळीवार लावलेल्या आहेत आणि फुकट वाचता येतात. पहिल्या पातळीच्या दोन-तीन गोष्टी उतरवून घ्या, झेरॉक्सच्या दुकानात छापा, मधोमध पिना मारा. त्यांच्या परवान्यात ते बसतं. मुखपृष्ठ तिला रंगवू द्या, वर तिचं नाव. पडद्यावरची गोष्ट अशी हातात आली की ती दोरीवरच्या चिमट्याला जाते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. आजोबांच्या, बाबांच्या लहानपणीचं मासिक म्हणून घरात त्याचा गाजावाजा होतो, पण ते आठ-नऊ वर्षांच्या पुढचं आहे. आत्ताच तिच्यापुढं ठेवू नका, तुम्ही वाचा. तुम्हाला वाचताना तिनं बघणं हेही हवंच, आणि मोबाइलवर वाचत असाल तर तिला ते कळत नाही. तिच्या लेखी तुम्ही मोबाइलच बघत असता.

सुटीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणं झालं तर वाटेत भिलारला अर्धा दिवस ठेवा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्याचीही. कुणाच्या तरी ओसरीवर बसून पुस्तक वाचायचं, मध्येच अंगणात जायचं, परत यायचं, हे मुलांना वाचनालयातल्या 'शांतता राखा'पेक्षा फार मानवतं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर पुस्तकांना हात लावण्याआधी मुलांचे हात धुवा, एवढी एक ग्रंथपालाची विनंती.

धाकट्याची काळजी करू नका, तो मांडीवर आहे तोवर त्याचं चाललेलंच आहे. अडीच वर्षांच्या मुलानं पुस्तक उलटं धरलं, चघळलं, एकाच पानावर पंधरा मिनिटं म्हैस दाखवली, तर ते सगळं वाचनच. त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची चार पुस्तकं विकतच घ्या, ती वाचनालयाला परत करण्याजोगी राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र नजरेत ठेवा. दुसरीचं वर्ष संपत आलं, गोष्टी ऐकायला आवडतात, बोलते छान, आणि तरीही साधी अक्षरं आणि त्यांचे आवाज जुळत नसतील, तर 'लक्ष देत नाही' म्हणून सोडून देऊ नका. आधी डोळे आणि कान तपासा. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणीची, तपासणी करून घ्या. मुंबईत ती सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत होते, इतर जिल्ह्यांत बालरोगतज्ज्ञांना विचारा. साडेपाचव्या वर्षी मात्र ही शंका घेऊ नका. त्या वयात दोन ओळींत कंटाळणारी मुलगी बहुधा ठणठणीत असते.

शेवटी, पालक फार विचारतात पण पत्रात लिहायला लाजतात, ते. वाचनालयाचं पुस्तक घरी फाटलं तर? या भीतीनं कित्येक घरांत आणलेलं पुस्तक फ्रिजवर ठेवतात आणि मुदतीच्या दिवशी कोरं करकरीत परत आणतात. मुलांच्या हातात पुस्तक फाटतं, आम्ही ते धरूनच असतो. फक्त घरी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, चिकट राहते आणि काढताना अक्षरं सोबत घेऊन निघते. फाटलेला तुकडा त्याच पानात ठेवा आणि पुस्तक तसंच आणून द्या. आमच्याकडे मैद्याची खळ आणि पातळ कागद असतो. मुलीला घेऊन आलात तर ग्रंथपालांना म्हणा, तिच्यासमोर चिकटवा. खळीत बोट बुडवायला मिळालं तर पुढच्या शनिवारी तीच तुम्हाला ओढत घेऊन येईल.